चाळीस 'जय मल्हार' आणि एक निळी केबल

रेडियमची अक्षरं कापणारा कटर चालू केला की त्याचं डोकं आधी डावीकडे जातं, टक् करून आपटतं आणि उजवीकडे येऊन गप उभं राहतं. चौदा वर्षं हा आवाज ऐकतोय. त्या शनिवारीही टक् झालं. मी कॉम्प्युटरवर 'कट' दाबलं. डोकं होतं तिथेच. परत दाबलं. ढिम्म.

इंदुरात रामबागेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. रेडियमची अक्षरं, लग्नामुंजीच्या पत्रिका, गणपतीत मंडळांच्या स्मरणिका. पूर्वी नंबर प्लेटचं काम भरपूर असायचं, पण एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट शोरूममधूनच लागून येते, तेव्हा आता रेडियमला उरलेत ते देव. निम्मे हिंदीत, निम्मे मराठीत. त्या दिवशी चाळीस 'जय मल्हार' कापायचे होते आणि चंपाषष्ठी चार दिवसांवर आलेली. होळकरांच्या गावात खंडोबाच्या कामाला उशीर करून चालत नाही.

आणि मी नेमकी दोनच दिवसांपूर्वी विंडोज बदलली होती.

विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. बँकेचं, जीएसटीचं सगळं याच मशीनवर, म्हणून बदलणं भाग होतं. पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती, आणि दिवाळीच्या तोंडावर चालत्या मशीनला हात लावायचा नाही हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम. म्हणून नोव्हेंबर. (घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट घेता येतात, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.)

मशीन आठव्या पिढीचं आय फाइव्ह, म्हणजे विंडोज 11 च्या उंबरठ्यावर जेमतेम पाय ठेवणारं. टीपीएम 2.0, म्हणजे विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय, नाही म्हणून आधी नकार आला. ते होतं, बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) 'पीटीटी' अशा नावाखाली बंद करून ठेवलेलं. खरी मेख वेगळीच निघाली. ज्यानं हे मशीन जोडून दिलं त्यानं त्यात 32 बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीची, विंडोज टाकली होती, आणि मला सहा वर्षं पत्ता नाही. विंडोज 11 फक्त 64 बिटची येते आणि 32 वरून 64 वर चढता येत नाही, सगळं पुसून कोरीच टाकावी लागते. मी जुनी डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि नव्या एसएसडीवर विंडोज टाकली. या अख्ख्या प्रकरणात मी केलेलं हे एकमेव शहाणपण.

32 बिटचे प्रोग्राम 64 वर चालतात, त्यामुळे मी निर्धास्त होतो. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजची एकेका उपकरणाशी गाठ घालून देणारे छोटे प्रोग्राम, मात्र चालत नाहीत, ते 64 चेच लागतात. प्रिंटरचा मिळाला, दहा मिनिटांत काम झालं. टायपिंगच्या डाँगलचा, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीचा, नाही मिळाला. त्याच्याकडे पुढे येतो.

शनिवारी मी कटरच्या मागे लागलो. कापायचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. एक्सपी सुसंगत मोडमध्ये चालवलं. मग कटरची निळी केबल या यूएसबीतून काढून त्या यूएसबीत, पुढून मागे, मागून पुढे, एकही भोक सोडलं नाही. हा उद्योग पुढे मला चांगलाच भोवला. भाचा आला, त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मामा, मशीनच म्हातारी झालीये. नवी घेऊन टाक ना." इंजिनिअर झालेल्या मुलांना कुठलीही वस्तू म्हातारीच दिसते. मामासुद्धा.

शेवटी जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला. पोर्ट्सच्या खाली पिवळा त्रिकोण, पुढे चिपचं नाव आणि 'फेज्ड आउट सिन्...' एवढंच. खिडकी अरुंद होती, म्हणून तेवढंच दिसत होतं. सकाळी मी हा त्रिकोण बघितला होता आणि ड्रायव्हर नसेल म्हणून सोडून दिला होता. आता खिडकीची कड धरून ओढली तेव्हा पूर्ण वाक्य आलं: ही चिप 2012 पासून बंद झाली आहे, आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा. उपकरणाच्या नावाच्या जागी! दारावरच्या नावाच्या पाटीवर कुणी 'घर विकणे आहे' लिहावं तसं.

झालं होतं असं. कटरला मागे नऊ पिनांचं जुनं सीरियल पोर्ट आहे. कॉम्प्युटरला ते नसतं, म्हणून मध्ये एक केबल लागते, तिच्या जाड टोकात यूएसबीचं सीरियल करणारी चिप असते. या चिपच्या नकला बाजारात इतक्या झाल्या की मूळ कंपनीनं नव्या ड्रायव्हरमध्ये तपासणीच घातली. चिप जुनी किंवा नकली वाटली की ड्रायव्हर काम करायला नकार देतो. माझ्या जुन्या विंडोजमध्ये जुना ड्रायव्हर होता, तो काही विचारत नव्हता. कोऱ्या विंडोजनं आपण होऊन नवाकोरा ड्रायव्हर उतरवून घेतला आणि त्यानं माझ्या केबलची कागदपत्रं मागितली. तरी मी सुटलो म्हणायचं. 2014 मध्ये अशाच एका दुसऱ्या चिपवाल्यांच्या ड्रायव्हरनं नकली चिपचा ओळख क्रमांकच पुसून शून्य करून टाकला होता.

भाच्यानं जुना ड्रायव्हर शोधून आणला. "म्हातारा ड्रायव्हर," मी म्हटलं. तो हसला नाही. 'अपडेट ड्रायव्हर' मध्ये जाऊन, नेटवर न शोधता, यादीतून आपल्या हातानं जुनी आवृत्ती निवडायची. त्रिकोण गेला.

केबल खरंच जिवंत आहे का, हे कटरशिवाय बघायची एक युक्ती आहे. नऊ पिनांच्या टोकावर दोन आणि तीन नंबरच्या पिना एकमेकींना जोडायच्या. दोन ऐकणारी, तीन बोलणारी. पिनांच्या शेजारी बारीक आकडे कोरलेले असतात, चष्मा लावून दिसतात. मी पत्रिकांच्या गठ्ठ्याची यू-पिन अडकवली आणि टर्मिनल प्रोग्राममध्ये 'जेएम' टाइप केलं. पडद्यावर 'जेएम' उमटलं. यू-पिन काढून परत टाइप केलं तर काही नाही. म्हणजे अक्षरं खरंच केबलच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होती. जय मल्हार.

तरी कटर ढिम्म. पोर्टचा नंबर झाला होता कॉम 7, आणि माझ्या सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम 4 च्या पुढे काही नाहीच. हे माझंच पाप. अशी स्वस्तातली केबल प्रत्येक नव्या यूएसबीत घातली की विंडोज तिला वेगळी केबल समजून नवा नंबर देते, आणि मी तिला घरभर फिरवली होती. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं तर पोर्ट्सच्या खाली फिकट अक्षरांत केबलची भुतं ओळीनं बसलेली. एकेक काढून टाकलं. मग पोर्टच्या 'अॅडव्हान्स्ड' मध्ये जाऊन नंबर कॉम 3 केला. पहिला 'जय' वेडावाकडा आला, कारण सॉफ्टवेअर परत टाकताना केबलवरून माहिती पाठवायचा वेग 38400 झाला होता आणि कटर 9600 वर बसलेला. तो जुळवला. रात्री अकराला बारा 'जय मल्हार' कापून झाले.

रविवारी दुपारी परत पिवळा त्रिकोण. विंडोज अपडेटनं रात्रीत नवा ड्रायव्हर आणून बसवला होता. आपोआप येणारे ड्रायव्हर बंद करता येतात, पण दर महिन्याला राखण कोण करणार? सोमवारी आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला गेलो.

पहिल्या दुकानात मी चिप कोणती विचारलं तर तो म्हणाला, "भिया, चिप-विप छोड़ो, चलेगी." दुसऱ्या दुकानात एक मुलगा होता, त्याला म्हटलं तुझ्या लॅपटॉपला लावून नाव दाखव. त्यानं दाखवलं. वेगळ्या कंपनीची चिप, त्रिकोण नाही, साडेसहाशे रुपये. जुनी निळी केबल मी एकशे वीसला घेतली होती. तिनं चौदा वर्षं काम केलं, तेव्हा नकली म्हणून तिला शिव्या द्यायचं माझ्या काही जिवावर येतं. उरलेले अठ्ठावीस 'जय मल्हार' त्याच संध्याकाळी झाले.

आता डाँगल. माझ्या सगळ्या जुन्या पत्रिका युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्टच्या फाइली जुन्या डिस्कवरून उचलून टाकल्या, पत्रिका नीट दिसतात. पण त्या फॉन्टचा कीबोर्ड डाँगलशिवाय उघडत नाही, आणि डाँगलचा दिवा लागत नाही. थोडक्यात, वाचता येतं, लिहिता येत नाही.

परवा एक काकू आल्या. थोरल्याची मुंजीची पत्रिका 2016 मध्ये माझ्याकडूनच केलेली, आता धाकट्याची. "मजकूर तोच ठेवा हो, अक्षरही तेच. फक्त मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा." मी बरं म्हणून बसलो खरा. जुन्या पत्रिका एकेक उघडल्या. 'अक्ष' लग्नाच्या एका पत्रिकेतल्या अक्षतांमधून घेतलं. 'य्य' मिळेना, तो शेवटी गणेश मंडळाच्या स्मरणिकेत 'आर्थिक साहाय्य' मध्ये सापडला. 'तृ' त्याच मुंजीच्या मातृभोजनातून. 'ती' विनंतीतली, 'या' अगत्य येण्यातला. सगळं एका ओळीत लावलं, 'तृ' थोडा खाली उतरत होता, तो माऊसनं वर ढकलला.

काकूंनी प्रूफ हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाल्या, "छान. पण मुहूर्ताची वेळ राहिली. सकाळी दहा एकोणपन्नास, अक्षरात लिहा."