पिकअपच्या आरशाखाली लाइट: दोन डायोड, एक रिले आणि पक्की अर्थ

रात्री वाशीच्या एपीएमसीत किंवा पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो मार्केटला पिकअप मागे घेताना आतला आरसा काही कामाचा नसतो. मागे बॉडी, बॉडीत माल, वर ताडपत्री. जे काही दिसायचं ते दोन बाजूंच्या आरशांतच. कंपनीचे रिव्हर्स लाइट चासीच्या टोकाला असल्यामुळे त्यांचा उजेड गाडीच्या मागे पडतो. ड्रायव्हरला पाहायची असते मागच्या चाकाची कड, गटाराचा काठ, शेजारच्या गाडीचा बंपर आणि मधूनच आलेला हमाल, आणि ती जागा नेमकी अंधारात राहते. आरशाखाली ३ वॉटचा एकेक एलईडी लावला की हा प्रश्न सुटतो. काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण वायरिंग चुकलं तर पुढे वर्षभर छळतं.

इथे लिहिलेली जोडणी १२ व्होल्टच्या पिकअपसाठी आहे. तिच्याकडून तीनच अपेक्षा आहेत. रिव्हर्स गिअर पडला की दोन्ही आरशांखालचे लाइट आपोआप लागावेत. गाडी उभी असताना, किल्ली काढलेली असताना, माल उतरवण्यासाठी ते बटणाने लावता यावेत. आणि चालत्या गाडीत ते कोणाच्या हातून चुकूनही लागू नयेत.

तिसरी अट कायद्यामुळे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०८ प्रमाणे गाडीच्या मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा प्रकाश दाखवता येत नाही. रिव्हर्स घेतानाचा पांढरा, इंडिकेटरचा पिवळा आणि नंबर प्लेटचा उजेड असे अपवाद आहेत. त्यामुळे नुसत्या बटणावर चालणारा पांढरा लाइट हायवेवर सुरू राहिला तर तो नियमात बसत नाही. मागच्याच्या डोळ्यांवर जातो तो त्रास वेगळाच. निळे, जांभळे, रंग बदलणारे एलईडी तर बाजूलाच ठेवा.

सामान

आयपी६७ दर्जाचे (धूळ-पाणी आत न शिरणारे), ९ ते ३२ व्होल्टवर चालणारे ३ वॉटचे दोन एलईडी लाइट. १एन५४०८ डायोड दोन. हा करंट एकाच दिशेला जाऊ देतो, ३ अँपिअरचा असतो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. ८७ए पिन असलेला पाच पिनांचा १२ व्होल्टचा रिले (करंटने उघड-बंद होणारा स्विच), सॉकेटसकट. पायलट लाइट असलेलं डॅशबोर्डचं बटण. ब्लेड फ्यूजचे इनलाइन होल्डर दोन आणि ३ अँपिअरचे जांभळे फ्यूज चार, म्हणजे दोन वापरात, दोन जवळ. ०.७५ स्क्वेअर मिलिमीटरची बारीक तारांची ऑटो वायर. आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), रबर ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी), नालीदार पाइप, गोल लग (वायरीच्या टोकाला लावायची धातूची कडी) आणि केबल टाय.

दोन्ही लाइट मिळून ६ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर. एवढ्याला याहून बारीक वायरही चालते. ०.७५ घ्यायची ती ओढाताण सोसावी म्हणून, कारण दरवाजा दिवसातून शंभर वेळा उघडतो. आरशात इंडिकेटरही बसवायचा विचार असेल तर आताच तीन कोअरची वायर घाला. दरवाजातून दुसऱ्यांदा वायर ओढण्यासारखं कंटाळवाणं काम नाही.

बाजारात १८ किंवा २७ वॉटचे चौकोनी वर्क लाइट स्वस्तात मिळतात. आरशाखाली ते लावू नका. वजनाने आरशाचा दांडा थरथरतो, आरसा हळूहळू खाली झुकतो आणि उजेड इतका पडतो की पांढऱ्या बॉडीवरून परतून ड्रायव्हरचेच डोळे दिपतात.

डायोड कशासाठी

एलईडीला दोन ठिकाणांहून करंट येणार आहे, एक रिव्हर्स लाइटच्या वायरीवरून आणि दुसरा बटणावरून. या दोन वायरी सरळ एकत्र पिळल्या तर काय होतं पाहा. बटण दाबलं की करंट एलईडीकडे जातो, तसाच उलटा रिव्हर्सच्या वायरीतही शिरतो. मागचे २१ वॉटचे रिव्हर्स बल्ब लागतात. रिव्हर्स हॉर्न असेल तर तो वाजायला लागतो, कॅमेरा असेल तर स्क्रीन जागी होते. दोन बल्बचे ४२ वॉट म्हणजे साडेतीन अँपिअर, म्हणजे ३ चा फ्यूजही फार काळ टिकत नाही. मग फ्यूज का उडतो म्हणून कोणीतरी १५ चा टाकतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

प्रत्येक वायरीत एकेक डायोड घातला की करंट फक्त एलईडीकडे जातो, परत येत नाही. डायोडवर चंदेरी पट्टी असते. ती पट्टी एलईडीच्या बाजूला. दोन्ही डायोडच्या पट्टीकडच्या तारा एकत्र जोडा आणि तिथूनच डाव्या-उजव्या लाइटच्या पॉझिटिव्ह वायरी काढा. डायोडमध्ये पाऊण व्होल्टच्या आसपास पडतो. ९ व्होल्टपासून चालणाऱ्या लाइटला त्याचा फरक पडत नाही, आणि अर्ध्या अँपिअरला डायोड जेमतेम कोमट होतो. लावण्याआधी मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासा: एका दिशेला ०.५ च्या आसपास आकडा, दुसऱ्या दिशेला काहीच नाही. दोन्हीकडे आकडा आला तर तो डायोड फेकून द्या. त्याची तार जाड असते, अगदी बुडाशी वाकवली तर काळं कवच तडकतं. बुडापासून ३-४ मिलिमीटर सोडून वाकवा.

बरेच वायरमन इथे एलईडीसाठी रिले टाकतात. अर्ध्या अँपिअरला त्याची गरज नाही. या जोडणीत रिले आहे तो दुसऱ्या कामासाठी, बटणाचा करंट चालत्या गाडीत तोडण्यासाठी.

रिले

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वायर काढा आणि बॅटरीपासून वीत-दीड वीत अंतरातच पहिला ३ अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. डॅशबोर्डखाली बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या वायरीला संरक्षण राहत नाही, आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यात घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं काही नसतं.

फ्यूजपासून वायर रिलेच्या ३० नंबरला. ८७ए वरून बटणाला. बटणातून पहिल्या डायोडला. बटणाच्या पायलट लाइटची अर्थ (बॉडीला जाणारी निगेटिव्ह वायर) वेगळी जोडा, नाहीतर तो लागणारच नाही. ८६ नंबरला किल्ली ऑन केल्यावरच करंट येणारी वायर द्या, ८५ ला अर्थ. किल्ली ऑन असली की रिले ओढला जातो, ३० आणि ८७ए सुटतात, बटण निकामी. किल्ली काढली की रिले सुटतो आणि बटण काम करतं. कॉइल साधारण ०.१५ अँपिअर घेते, तेही किल्ली ऑन असतानाच, म्हणून उभ्या गाडीत रिलेचा भार शून्य. रात्रभर लाइट चालू राहिले तरी १० तासांत ५ अँपिअर-अवर जातात. चांगल्या बॅटरीला ते सोसतं, जुन्या बॅटरीच्या गाडीत मात्र सकाळी सेल्फ ओढत नाही.

रिले घेताना झाकणावरचं चित्र बघूनच घ्या. पाच पिनांच्या काही रिलेंमध्ये मधली पिन ८७ए नसते, दुसरी ८७ असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तसला लागला तर सगळं उलटं चालेल: किल्ली ऑन असताना बटण चालू, किल्ली काढल्यावर बंद. चित्रात कॉइलजवळ डायोड दाखवला असेल तर ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ ही दिशा पाळावीच लागते. उलटं जोडलं की तो आतला डायोड सरळ शॉर्ट होतो.

रिव्हर्सची वायर शोधणं

रंगावर विश्वास ठेवू नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत रंग बदललेले असतात, आणि वापरलेल्या गाडीत तर आधीच कोणीतरी हात घातलेला असतो.

इंजिन बंद, किल्ली ऑन, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचला दोन वायरी असतात. मल्टिमीटरची काळी पिन चासीच्या स्वच्छ नटाला लावा. एका वायरीवर किल्ली ऑन असेपर्यंत सतत १२ व्होल्ट दिसतील. ती नको. दुसरीवर न्यूट्रलमध्ये शून्य आणि रिव्हर्स टाकल्यावर १२ आले पाहिजेत. तीच आपली. पहिलीवर जोडलं तर गाडी चालू असेपर्यंत आरशाखालचे लाइट जळत राहतील.

ही वायर केबिनमध्ये डॅशबोर्डखालच्या लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) सापडली तर उत्तमच, गिअरबॉक्सजवळचा चिखल-पाणी टळतं. जोड दिल्यावर लगेच दुसरा ३ अँपिअरचा फ्यूज, मग दुसरा डायोड. हा फ्यूज वगळू नका. आरसा कुठेतरी आपटून वायर पत्र्याला टेकली तर आपला छोटा फ्यूज उडावा आणि गाडीचा मूळ फ्यूज शाबूत राहावा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सच्या फ्यूजवर इतर गोष्टीही असतात.

नव्या बीएस६ गाड्यांत टेस्ट लॅम्प टोचत बसू नका, मीटरच वापरा. बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरीतून नको इतका करंट ओढतो. काही गाड्यांतला कंट्रोल युनिट बल्ब शाबूत आहे का हे पाहायला बारीक पल्स सोडतो, आणि एलईडी बंद असतानाही मंद लुकलुकतो. तेव्हा एलईडीच्या पॉझिटिव्ह आणि अर्थमध्ये १ किलोओहम, १ वॉटचा रेझिस्टर घाला. वॉरंटीतल्या गाडीचं लूम कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारलेलं बरं.

दरवाजा, दांडा आणि अर्थ

बिघाड येतात ते बहुतेक इथलेच.

लाइट आरशाच्या प्लॅस्टिक कवचावर चिकटवू नका. आरशाच्या दांड्यावर क्लॅम्प बसवून त्यावर घ्या. वायर पाइपच्या दांड्यातून नेता येते, पण भोक खालच्या बाजूने पाडा आणि ग्रोमेट घाला. आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून टपकेल, वायरीबरोबर आत जाणार नाही.

आरसा दरवाजावर असेल तर दरवाजा आणि खांब यांच्यामधलं रबर बूट शोधा. पॉवर विंडो किंवा दरवाजात स्पीकर असलेल्या गाडीत ते असतं. नसेल तर दोन्हीकडे भोकं पाडावी लागतात. दरवाजातलं भोक खांबातल्या भोकापेक्षा थोडं वर-खाली असू द्या, समोरासमोर नको. समोरासमोर असलं की दरवाजा मिटताना वायर एकाच जागी घडी घेते आणि तिथेच तुटते. तुटते तीही आतल्या आत, बाहेरचं कवच तसंच राहतं. दरवाजा अर्धा उघडल्यावर लाइट लुकलुकला तर तिथेच हात घाला. पाडलेल्या भोकाच्या कडेला रंग लावून मगच ग्रोमेट बसवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

आता अर्थ. दरवाजाच्या पत्र्याला अर्थ देऊ नका. दरवाजा बॉडीला जोडलेला असतो बिजागरीने, आणि बिजागरीत रंग असतो, ग्रीस असतं. दरवाजा मिटलेला असताना लाइट चांगला, उघडल्यावर मंद, असा प्रकार याच चुकीने होतो. अर्थची वायर आरशापासून परत केबिनमध्ये आणा, डाव्या-उजव्या दोन्ही एका लगवर घ्या आणि बॉडीच्या नटाखाली रंग खरवडून पक्की कसा. वरून थोडं ग्रीस लावा. तपासणी लाइट चालू ठेवूनच करा: मीटरची एक पिन लाइटच्या निगेटिव्हला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ व्होल्टच्या आत आकडा हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर कुठेतरी जोड ढिला आहे.

चिमट्यासारखी दाबून बसवायची निळी-लाल क्लिप या कामात वापरू नका. ती वायरीच्या तारा कापते आणि आत पाणी धरते. कोकणातल्या खाऱ्या हवेत आतलं तांबं हिरवं पडतं. वायर सोला, पिळा, सोल्डर करा, वर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह. सोल्डर वायरीत जिथपर्यंत चढतं तिथे ती कडक होते आणि त्या टोकाला मोडते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर अंतरावर वायर टायने बांधा.

आरशातला इंडिकेटर

तीन कोअरची वायर घातली असेल तर हे सोपं आहे. फेंडरवरच्या साइड इंडिकेटरची वायर घ्या, त्याच बाजूची, आणि आरशातल्या पिवळ्या एलईडी पट्टीला द्या. डावी-उजवी वायर कुठेही एकत्र येता कामा नये. आली तर एका बाजूचा इंडिकेटर दिल्यावर दोन्हीकडचे लुकलुकतील. मूळ बल्ब काढू नका. बल्ब काढून फक्त एलईडी ठेवला तर फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला) बल्ब फ्यूज झाल्यासारखं वाटतं आणि तो दुप्पट वेगाने टिकटिकतो. बल्बला समांतर एक-दोन वॉटची पट्टी वाढल्याने वेगात फरक जाणवत नाही.

रोख

शेवटचं काम अंधारात करा. गाडी भिंतीला समांतर, मीटरभर अंतरावर उभी करा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाहा. लाइटचा बिंदू स्वतः दिसता कामा नये, ना थेट, ना आरशात. उजेड केबिनच्या मागच्या कडेपासून सुरू होऊन मागच्या चाकाच्या जरा मागे संपला पाहिजे, जमिनीवर आणि बॉडीच्या खालच्या पट्टीवर. मग गाडीच्या मागे १० मीटरवर उभं राहून बघा. डोळ्यांत येत असेल तर आणखी खाली वाकवा. गाडी लोड झाली की मागून बसते आणि पुढून उचलते, त्यामुळे मागे वळवलेल्या या लाइटचा रोख खाली जातो, रिकाम्या गाडीत तो सगळ्यात वर असतो. म्हणून डोळ्यांत येतो का हे रिकाम्या गाडीतच तपासा, आणि क्लॅम्पचा नट नायलॉनवाला लावा.