साडेबारा आणि तेरा

आज महापेला कँटीनमध्ये नायजेरियाहून आलेला सहकारी समोर बसला. पोर्ट हार्कोर्टकडचा, ओगोनी समाजाचा. मी उगाच म्हटलं, "तेलवाल्यांची मजा आहे बुवा!" तो हसला नाही.

नायजर नदीच्या मुखाजवळ, ओलोइबिरीला १९५६ मध्ये तेल लागलं. तिजोरी देशाची भरली, तवंग यांच्या खाड्यांत. १९९० मध्ये ओगोनींनी हक्कांची सनदच मांडली: तेलातला वाजवी वाटा द्या, आमचा कारभार आम्हाला करू द्या. लष्करी राजवटीने १९९५ मध्ये ओगोनींचे नेते केन सारो-विवा आणि आठ साथीदारांना फासावर दिलं. १९९९ च्या घटनेत तेलाच्या राज्यांना किमान १३ टक्के वाटा आला. "राज्याला येतो, गावाला नाही," तो म्हणाला.

तेरा ऐकून मी थबकलो. आमचे साडेबारा टक्के! नवी मुंबईसाठी आमच्या जमिनी गेल्या, त्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड. (त्यांचा महसूल, आमचा भूखंड; पण हिशेब ओळखीचा.) मग त्याच जमिनींसाठीचं जासईचं आंदोलन, १९८४ चा पोलीस गोळीबार, पाच हुतात्मे, आमचे नेते दि. बा. पाटील... डबा गार झाला.

रात्री घणसोलीला आबांना सांगितलं. म्हणाले, "म्हंजे अर्धा टक्का जास्तच की त्यांना." मग जरा थांबून, "रविवारी आन त्याला जेवायला. खाडीची निवटी मिळतात का बघतो."