करंट गेला कुठं? – आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनाची कामं करणारी दुकानं पावलापावलावर आहेत. ऊस आणि गुऱ्हाळांमागून ऑईल इंजिनं आली आणि ती ओतणारे, कातणारे, दुरुस्त करणारे हातही इथेच तयार झाले. पण ती सगळी डिझेलची दुनिया. तिथं ठिणगी पाडणारा प्लग नाही, त्याला करंट पुरवणारी कॉईल नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. आमच्या वडिलांनी दुसरी बाजू धरली, प्लगच्या ठिणगीवर (आमच्या भाषेत ‘करंट’वर) चालणाऱ्या पेट्रोल आणि रॉकेलच्या छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीची. तिकडं गर्दी कमी होती, एवढंच कारण.

सुरुवातीची गिऱ्हाइकं म्हणजे पंपवाले शेतकरी. हे पंप पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की रॉकेलवर टाकायचे. बंद करण्याआधी मात्र रॉकेलचा कॉक बंद करून थोडा वेळ पुन्हा पेट्रोलवर चालवावे लागतात, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरतं आणि थंड इंजिन काही केल्या पेटत नाही. घाईत हे कोण करतो? दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा निघाला की पंप कॅरियरला बांधून दुकानात. बऱ्याचदा नुसता प्लग सुकवून लावला की चालू. एवढ्याशा कामाचे पैसे मागायला वडिलांना अवघड वाटायचं. ‘राहू दे’ म्हणायचे. दुकान तेव्हा कसं चाललं, ते आईला ठाऊक!

चेतक आणि लुना दोन्ही १९७२ च्या. त्या वाढल्या तसं आमचं कामही पंपाकडून गाड्यांकडं सरकलं. माझी खरी शाळा तीच. जुन्या स्कूटरला फिरणाऱ्या मॅग्नेटवर (चुंबक बसवलेल्या चाकावर) करंट तयार होतो, बॅटरी असो वा नसो. ती बंद करताना आपण करंट तोडत नाही, बॉडीला जोडतो. म्हणून ती वायर तुटली तर स्कूटर बंदच होत नाही, आणि घासून बॉडीला लागली तर सुरूच होत नाही. जुन्या बुलेटचं आणि येझदीचं बरोबर उलटं, कारण तिथं करंट बॅटरीतून येतो. वायर तुटली की गाडी गप्प, बॅटरी उतरली की ढकला. हा फरक माहीत नसलेला मेकॅनिक दिवसभर चुकीच्या टोकाला शोधत बसतो. स्कूटर आली की आम्ही आजही सगळ्यात आधी बंद करायची वायर सोडवतो आणि मग किक मारतो.

येझदीची एक गंमत सांगायलाच हवी. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फार पुढं गेलेलं असलं आणि किक अर्धवट बसली, तर ते इंजिन कधीकधी उलटं फिरायला लागतं. टू स्ट्रोकला उलटसुलट काही कळत नाही. कानाला फारसा फरक जाणवत नाही. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडी मागं जाते.

पण आमचं नाव झालं ते ‘तापली की झोपते’ या तक्रारीवर. सकाळी एका किकमध्ये चालू, आठ-दहा किलोमीटरवर बंद, अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा चालू. अशी गाडी दुकानात आणली की शहाण्यासारखी वागते. यात बहुतेक वेळा दोषी असतो कंडेन्सर, नाहीतर कॉईल. पॉइंट म्हणजे कॉईलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं. ती उघडताना तिथं ठिणगी पडू न देणं हे कंडेन्सरचं काम. तो कमजोर झाला की पॉइंट जळून काळेनिळे पडतात आणि प्लगवर करंट पिवळट येतो. पॉइंट झिरो पेपरनं घासून, फिलर (अंतर मोजायची पातळ पट्टी) घालून गॅप लावला (बुलेटला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर) की गाडी चार दिवस बरी चालते, म्हणून लोक फसतात. बाजारातले नवे कंडेन्सर कधी खोक्यातूनच मेलेले निघतात. आम्ही त्याऐवजी ०.२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर मॅग्नेटच्या बाहेर, गार जागी बसवतो. मूळ रूपाचा हट्ट असणाऱ्यांना ते आवडत नाही. त्यांनी ढकलावी.

दुकान माझ्याकडं आल्यावर मी एकच मोठा बदल केला. तपासणीचे वेगळे पैसे, मग काम करा अगर करू नका. ‘नुसतं बघायचं पैसं घेता व्हय?’ म्हणून भांडणं झाली, काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. पण दुसरीकडं प्लग, कॉईल, सीडीआय (पॉइंटच्या जागी आलेला इलेक्ट्रॉनिक डबा) असं एकेक बदलत बिल फुगवलेले लोकच पुढं आमच्याकडं यायला लागले. सीडीआयमध्ये घासायला पॉइंटच नाहीत, त्यामुळं अंदाज चालत नाही. आम्ही ठिणगीची वेळ कळवणाऱ्या पिकअप कॉईलचा रेझिस्टन्स गार असताना मोजतो, मग हेअर ड्रायरनं तापवून पुन्हा मोजतो. तापल्यावर आकडा पळाला की चोर सापडला.

आता निम्मं काम गवत कापायच्या ब्रश कटरचं आहे. राधानगरी, गगनबावड्याकडून आणि घाटाखालून कोकणातून पावसाळ्यात रीघ लागते. त्यात कॉईल आणि मॅग्नेटमधलं अंतर साधारण ०.३ मिलिमीटर लागतं. मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळला की जमतं. मॅग्नेट काढताना मात्र हातोडी नको, ओढून काढायचा पुलरच हवा. ठोकून चुंबक कमजोर झालेली कितीतरी मॅग्नेटं आमच्या फळीवर पडून आहेत. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं आणखी एक काम वाढवलंय. टाकीत महिनोन् महिने राहिलं की ते हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप फुगतात, आणि दोष करंटचा की पेट्रोलचा हे आधी ठरवावं लागतं. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवा, आमचं तेवढं काम कमी झालं तरी चालेल.

गाडी तापल्यावर बंद पडत असेल तर टेम्पोत घालून आणू नका, चालवत आणा. वाटेत बंद पडली तर लगेच प्लग काढून करंट निळा, पिवळा की नाहीच, एवढं बघून ठेवा. आणि आधीच्या मेकॅनिकनं बदललेले जुने पार्ट फेकले नसतील तर तेही पिशवीत घालून आणा. त्यातला एखादा चांगला निघतो.