चिकोडी रस्त्यावरची दुपार

माघवारी आमच्या भातपट्ट्याला सोयीची. आषाढीला रोप लावायची घाई, कार्तिकीला कापणी-मळणी. माघात भात घरात आलेलं असतं. देवाकडं जायचं ते पीक घरात आल्यावर, असं बेळगावच्या पश्चिमेकडची जुनी माणसं म्हणतात. म्हणून दिंडीच्या गाडीत घरटी नवा तांदूळ पडतो. शंभर माणसांच्या एका पंगतीला दहा-बारा किलो लागतो, वाटेत कुणापुढं हात पसरावा लागत नाही.

काकती, हत्तरगी कधी मागं पडली कळलं नाही. संकेश्वरला हिरण्यकेशीत पाय धुतले आणि ओल्या पायांवरच मोजे चढवले. तिथंच चुकलं. ओलं कातडं मऊ पडतं, त्यात मोज्याला एक चुणी आली की ती प्रत्येक पावलाला किसणीसारखी फिरते. दोन तासांत टाचेवर लिंबाएवढा फोड आला. वर ऊन, शेजारून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या स्पीकरपुढं टाळ ऐकू येईना. तोंडात हरिपाठ आणि डोळे किलोमीटरच्या दगडावर. मागचा एक गृहस्थ सकाळपासून सांगत होता, पोराला नोकरी लागली तर पुढच्या वर्षी चांदीची पादुका वाहीन. त्याचा राग आला. अडलेल्या माणसानं देवाला हाक मारावी, त्यात काही वावगं नाही. पण ‘लागली तर’ हा शब्द मला चालताना फोडापेक्षा जास्त टोचत होता.

उसाच्या बांधाला बोरच्या मोटारीची खोली होती. तिच्या सावलीत एक अज्जा बादली घेऊन बसले होते. “कुंद्री, कुंद्री,” म्हणत त्यांनी माझा पाय धरूनच खाली बसवलं. पहिला प्रश्न, “शुगर हाय काय?” शुगर असलेल्याच्या फोडाला ते सुई लावत नाहीत, दवाखान्यात पाठवतात. रक्त साकळलेल्या फोडालाही नाही. चण्याएवढा बारका फोड तर तसाच ठेवायचा, तो आपोआप जिरतो.

अर्धी बादली कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. पंधरा मिनिटं दोन्ही पाय त्यात. मग सुती फडक्यानं टिपून, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे. सुई वाटीत उकळत होती, दहा मिनिटं. फोडाच्या मध्यावर टोचायचं नाही, तिथंच पुढं दाब पडतो; कडेला, खालच्या अंगाला, दोन ठिकाणी. फडक्यानं हळूच दाबलं की पाणी उतरतं. वरचं कातडं मात्र सोलायचं नाही. ते काढलं की आतलं लाल मांस उघडं पडतं, धूळ जाते, पू होतो आणि वारी तिथंच थांबते. आमच्यातल्या दोघांनी आदल्या दिवशी हेच केलं होतं, ते गाडीत बसून होते.

मलम लावून झाल्यावर त्यांनी जुन्या धोतराची चौपदरी घडी केली, मधोमध फोडाहून थोडं मोठं भोक कापलं आणि ते कडं फोडाभोवती बसवून वर चिकटपट्टी मारली. भार कड्यावर पडतो, फोडावर नाही. मग दोन मोजे: आत पातळ, वर जाड. घासायचं ते एकमेकांना घासतात. खोबरेल रात्रीच लावायचं, चालताना पाय कोरडाच हवा.

मी पैसे काढले. “साकु,” म्हणून त्यांनी माझी मूठ मिटली. मी म्हटलं, अज्जा, विठ्ठल तुमचं भलं करील.

“केलंय की त्यानं आधीच,” ते म्हणाले आणि मोटारीकडं बोट दाखवलं. शेजारच्या तीन बोरी आटल्या, त्यांची चालू आहे. त्यांना पंढरपूरला जाणं होत नाही, म्हणून माघात दिंड्या जायच्या दिवसांत बादली घेऊन इथं बसतात. माझ्यामागं पादुकावाले गृहस्थ बसले. त्यांचा नवस अज्जांनी ऐकूनही घेतला नाही, नखाखाली शिरलेला खडा काढण्यात गुंतले होते.

पुढं कागवाड, म्हैसाळ, मिरज, नागज, सांगोला. चंद्रभागा, रात्रभर रांग, पायांवर डोकं टेकलं तो एक क्षण. मागायला काही सुचलं नाही.

पण मनात राहिलाय तो त्याच संध्याकाळचा चिकोडीचा मुक्काम. चुलीवरचं पाणी बादलीत ओतून मीठ टाकलं. सहा-सात जणांचे पाय झाल्यावर भाकरी थापणाऱ्या मावशी दिसल्या, एक पाय उचलून चालत होत्या. मी बादली पुढं सरकवली. त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला. “माझा नको रे, चिखलाचा आहे.” मी तसाच बसून राहिलो. टाळ सुरू झाले, काकड्याला उठायचं म्हणून कुणी लवकर आडवं झालं. बऱ्याच वेळानं त्यांनी पाय पाण्यात सोडला आणि म्हणाल्या, “थोडं गरम घाल.”