कारण काय लिहू?

ऑक्टोबर 2015 मध्ये, विजयादशमीच्या आठवडाभर आधी, आमच्या कोलकात्याच्या क्लिअरिंग एजन्सीने मला बिहारमधल्या, नेपाळ सीमेवरच्या रक्सौलला पाठवले, तेही एका पत्रासाठी. सीमेपलीकडच्या, नेपाळमधल्या वीरगंजच्या एका व्यापाऱ्याचा कंटेनर कोलकाता बंदरात उतरवून, कस्टम्सचे सील ठोकून आम्ही ट्रकने रवाना केला होता. तो तीन आठवडे रक्सौलच्या रांगेत उभा होता आणि रिकामा कंटेनर मुदतीत परत न आल्याबद्दल जहाज कंपनी दिवसागणिक डिटेन्शन, म्हणजे विलंबशुल्क, लावत होती. माफी हवी असेल तर विलंबाचे नेमके कारण लेखी कळवा, एवढेच तिचे म्हणणे होते.

मी मूळचा अलिबागचा, त्यामुळे बंदर हे घरामागच्या वाटेवरच असते अशी लहानपणापासूनची समजूत. वीरगंजहून कोलकाता बंदर रेल्वेने सुमारे 700 किलोमीटर, आणि ते सगळे अंतर दुसऱ्या देशातून जाणारे.

सकाळी मी सिरसिया नदीवरचा मितेरी पूल चालत ओलांडला. नेपाळीत मितेरी म्हणजे मैत्री. पासपोर्ट कोणी विचारला नाही. 1950 च्या कराराने उभय देशांच्या नागरिकांना ही मोकळीक दिली आहे. मला कराव्या लागणाऱ्या सोपस्कारात घड्याळ 15 मिनिटे पुढे करणे एवढेच होते. पुलावर मात्र, ज्याला तिथे दशगजा म्हणतात त्या कोणाच्याच नसलेल्या पट्ट्यात, मधेशी, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशातले, आंदोलक ठाण मांडून बसले होते. 20 सप्टेंबरला लागू झालेल्या नेपाळच्या नव्या राज्यघटनेतील प्रांतांच्या सीमा आणि प्रतिनिधित्व त्यांना मान्य नव्हते. माणसे आणि सायकली त्यांच्या बाजूने जात होत्या. ट्रक जात नव्हते.

त्या व्यापाऱ्याच्या, म्हणजे सेठजींच्या, घरी गॅस संपल्यामुळे भात अंगणात लाकडांवर शिजत होता. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : पत्रात ‘नाकाबंदी’ लिहा, म्हणजे भारतानेच माल अडवला आहे. 1989 मध्ये भारताबरोबरचे व्यापार आणि पारवहनाचे (दुसऱ्या देशातून माल नेण्याचे) करार संपुष्टात आल्यावर दोन सोडून बाकी सारे नाके बंद झालेले त्यांनी पाहिले होते, आणि हे त्याचेच दुसरे रूप आहे याविषयी त्यांना शंका नव्हती. उत्तरेचा तातोपानीचा रस्ता एप्रिलच्या भूकंपापासून बंद होता, त्यामुळे चीनकडे पाहण्यातही अर्थ नव्हता.

मी कोलकात्याला फोन लावला. साहेबांनी तो शब्द पुरता ऐकूनही घेतला नाही. आमचा परवाना भारतीय कस्टम्सचा, आणि भारत सरकारची भूमिका अशी की नाकाबंदी नाहीच. पलीकडच्या अशांततेमुळे ट्रकवाले पुढे जायला धजत नाहीत. काठमांडूचा प्रतिप्रश्न असा की मग जिथे आंदोलक नाहीत त्या नाक्यांवरही इंधनाचे टँकर का अडतात. मला स्वतःला हा प्रश्न बिनतोड वाटत होता, पण लेटरहेड माझे नव्हते. ‘आंदोलनामुळे’ असे लिहावे तर सेठजी ते पुढे पाठवायला तयार नव्हते, कारण सगळा दोष त्यांच्याच देशाच्या माथी जात होता. दुसऱ्या नाक्याने, सोनौलीमार्गे नेपाळमधल्या भैरहवाला ट्रक वळवण्याचाही विचार केला. परंतु पारवहनाच्या कागदांवर नाका रक्सौल होता आणि तो बदलायला परवानगी पुन्हा कोलकात्याहूनच आणावी लागणार होती.

दुपार त्या एका ओळीत गेली. शेवटी लिहिले : ‘सदर वाहन दाखल झाल्यापासून आजतागायत रक्सौल-वीरगंज पुलावरून मालवाहतूक झालेली नाही.’ कोणी थांबवली ते वाक्यात नव्हते. सेठजींनी ते दोनदा वाचले, ‘झालेली नाही’वर बोट ठेवून हसले आणि सही केली.

फेब्रुवारी 2016 च्या सुरुवातीला पूल मोकळा झाला आणि ट्रक गेला. मार्चमध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली यांनी बीजिंगमध्ये चीनशी पारवहन करार केला, तेव्हा सेठजींचा फोन आला. त्यांना तिथल्या बंदरांचे अंतर विचारायचे होते. तियानजिन 3,000 किलोमीटरहून दूर आहे असे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि पुढच्या कंटेनरचे कागद कोलकात्यालाच पाठवतो म्हणाले.

जहाज कंपनीचे उत्तर त्याआधीच आले होते. विलंबाचे कारण पत्रावरून स्पष्ट होत नसल्याने माफी नामंजूर.