रेणू जोरात पळतात म्हणूनच ना?

पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी समोर येतो: तापवल्यावर अभिक्रिया जलद होते, ती रेणू जोरात पळून जास्त वेळा आपटतात म्हणूनच ना? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोटं नाही ते. पण हिशेब करून बघा. रेणूंचा सरासरी वेग केल्व्हिनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २५ अंश सेल्सिअसवरून ३५ वर गेलात, की २९८ चे ३०८ होतात; वर्गमूळ काढलं तर वाढ भरते जेमतेम १.७ टक्के. आणि प्रयोगात काय दिसतं? सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात आम्ल घातलं की गंधक सुटतं, द्रावण गढूळ होतं आणि चंचुपात्राखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होते. द्रावण दहा अंशांनी गरम असेल, तर फुली साधारण निम्म्या वेळात जाते. एवढ्याशा वाढीने दर दुप्पट कसा झाला? विद्यार्थ्यांना हे कोडं पडावं असं मला फार वाटतं. बहुतेकदा उत्तर आधी पाठ होतं आणि कोडं पडायचं राहूनच जातं.

१८८९ मध्ये स्वान्ते आऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने नेमकं हेच हेरलं. आम्लात उसाच्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, त्या अभिक्रियेचा दर तो अभ्यासत होता. त्याने मांडलं, की सगळे रेणू अभिक्रियेला तयार नसतातच. मोजकेच ‘सक्रिय’ असतात आणि तापमानाबरोबर त्या मोजक्यांची संख्या झपाट्याने वाढते.

आज आपण म्हणतो, नुसती टक्कर पुरत नाही, तिच्यात सक्रियण ऊर्जेएवढा, म्हणजे अभिक्रिया घडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेएवढा, जोर लागतो. समजा ती मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक मोठी संख्या) ५० किलोज्यूल आहे. २५ अंशांना १० अब्ज टकरींपैकी साधारण १७ टकरींत तेवढा जोर असतो, ३५ अंशांना ३३ टकरींत. बाकीचे रेणू आपटतात आणि जसेच्या तसे परत फिरतात. ऊर्जेच्या वितरणाचा, म्हणजे किती ऊर्जेचे किती रेणू आहेत याचा, आलेख फळ्यावर काढला, की मी मधला उंचवटा पुसून टाकते आणि उजवीकडची, सर्वाधिक ऊर्जेच्या रेणूंची बारीक शेपटी तेवढी ठेवते. सगळं तिथेच घडतं.

म्हणून ‘दहा अंशांना दुप्पट’ हा नियम धरून बसू नका. सक्रियण ऊर्जा १०० किलोज्यूल असेल, तर तेच दहा अंश दर जवळजवळ पावणेचारपट करतात.

उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया जलद करणारा पदार्थ, न तापवताही हे कसं साधतो, ते कोडंही इथेच सुटतं. तो रेणूंना जास्त पळवत नाही, कमी ऊर्जेची दुसरी वाट उघडून देतो. बाकी सगळं तेच ठेवून ५० किलोज्यूलचे ४० झाले, तर २५ अंशांनाच, बर्नर न पेटवता, त्या १७ टकरींच्या साधारण ९७० होतात.