यती हिमालयात नाही राहणार तर कुठे?

मी चौथीत असताना पेपरात बातमी आली होती, हिमालयात यतीच्या पाऊलखुणा दिसल्याची. आजीला ती मोठ्यानं वाचून दाखवली. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "मग त्यात नवल ते काय? यती हिमालयात नाही राहणार तर काय लालबागला?" तिच्या डोळ्यांपुढे भगवी छाटी आणि कमंडलू. माझ्याही. अंगभर केस वाढलेला, दोन पायांवर चालणारा वानरासारखा प्राणी म्हणजे यती, हे पुढे कळलं तरी माझ्या मनातल्या त्याच्या हातातला कमंडलू काही सुटला नाही.

शेर्पांचा मूळ शब्द ‘येह-ते’. खडकाळ जागेतलं जनावर, असा त्याचा साधा अर्थ. मराठी छापखान्यानं त्याला संन्यास दिला, तर इंग्रजीनं थेट वाळीत टाकलं. १९२१ साली एव्हरेस्टची वाट शोधायला गेलेल्या हॉवर्ड-बरीच्या तुकडीला ल्हाक्पा ला खिंडीच्या बर्फात मोठमोठी पावलं उमटलेली दिसली. ती लांडग्याची असावीत असं त्याचं मत. हमाल मात्र ‘मेतोह-कांगमी’ म्हणाले. पुढे कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणारा हेन्री न्यूमन या हमालांशी बोलला आणि त्यानं ‘मेतोह’चा अर्थ लावला ‘ओंगळ’. अर्थ चुकला, पण नाव चिकटलं. कुणी धड पाहिलंही नव्हतं बिचाऱ्याला, आणि ‘ॲबॉमिनेबल स्नोमॅन’, म्हणजे ओंगळ हिममानव, म्हणून जगभर बदनामी!

पण सगळ्यात मला आवडतो तो १९५९चा सरकारी कागद. काठमांडूच्या अमेरिकन वकिलातीनं नेपाळ सरकारचे यती-शोधाचे नियम आपल्या लोकांसाठी कळवले. परवान्याचे पाच हजार रुपये. यतीचा फोटो काढा, जिवंत पकडा, पण जीव घ्यायचा नाही. अगदी स्वतःच्या जिवावर बेतलं तरच गोळी. काढलेले फोटो सरकारजमा करायचे आणि परवानगीशिवाय पेपरवाल्यांना काही सांगायचं नाही. जनावराचा पत्ता नाही, पण नियमावली तयार. तो खरंच सापडला असता तर आधी त्याचा रहिवासी दाखला मागितला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तर हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही ठाण्याचे आठ जण नेपाळात, एव्हरेस्टच्या बाजूच्या खुमजुंगला पोचलो. नामचेहून वर चढून गेलं की हिरव्या पत्र्यांचं, दगडी कुंपणांचं हे गाव लागतं. उंची पावणेचार हजार मीटरच्या वर, त्यामुळे दर दहा पावलांना माझा श्वास तिकीट मागत होता. गोंपात, म्हणजे तिथल्या बौद्ध मठात, एका कुलूपबंद पेटीत यतीची कवटीवरची कातडी ठेवली आहे. दानपेटीत नोट पडली, किल्ली फिरली, काच दिसली. आत उंच, निमुळती टोपी, तांबूस राठ केसांची. माथ्यावर केसांची उभी रेघ, अधूनमधून टक्कल. आमच्यातल्या एका काकूंनी चटकन हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

ही टोपी चांगलीच फिरलेली आहे. १९६०च्या मोहिमेत एडमंड हिलरीनं ती गावाकडून उसनी घेतली. बरोबर राखणदार म्हणून गावातलेच खुंजो चुंबी गेले: शिकागो, पॅरिस, लंडन. तिथल्या जाणकारांनी निर्वाळा दिला की ही सेरोच्या, म्हणजे शेळी आणि हरीण यांच्या मधल्या एका डोंगरी जनावराच्या कातड्याची आहे, साच्यावर ताणून बसवलेली. त्यावर चुंबींनी ऐकवलं म्हणतात, की आमच्याकडे जिराफ नाहीत म्हणून आम्हाला जिराफ कळत नाही, तुमच्याकडे यती नाही, तेव्हा तुमचं अज्ञान आम्ही समजू शकतो. यापुढे कुठला शास्त्रज्ञ काय बोलणार?

शास्त्रज्ञ तरीही बोलले. २०१७ साली यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनएसाठी तपासले. आठ निघाले अस्वलांचे, एक कुत्र्याचा. बातमीत सूर असा, की हात्तिच्या, अस्वलच! मला त्या अस्वलाचं वाईट वाटलं. हिमालयातलं तपकिरी अस्वल आधीच मोजकं उरलेलं, मागच्या पायांवर उभं राहिलं तर भल्याभल्यांची बोबडी वळेल, आणि आपण त्याच्याकडे पाहून तोंड वाकडं करतो.

परतताना धुकं उतरलं. आमचा शेर्पा वाटाड्या सांगत होता, यतीची पावलं उलटी असतात, माग काढत गेलात तर लांब लांबच जाल. आणि तो पाठीस लागला तर उताराकडे पळायचं, केस डोळ्यांवर येऊन त्याला दिसेनासं होतं. उलटी पावलं म्हटल्यावर मी थबकले. ती तर आमच्या हडळीची! गावच्या विहिरीवरची हडळही कधी सांगणाऱ्यानं पाहिलेली नसायची, त्याच्या मेव्हण्यानं पाहिलेली असायची.

"दाजू, तुम्ही पाहिलाय?"

"मी नाही. आजोबांनी. म्हणजे, त्यांच्या भावानं."

नामचेला नेटवर्क आलं तेव्हा टोपीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत आईचं उत्तर: "नारळ छान आहे. पण शेंडी का ठेवलीय? आणि तू जेवलीस का?"